वस्तरा मिटल्यावर

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली ‘वकील’ म्हणते. ते वकील नाहीत. त्यांचं केस कापायचं दुकान आहे. दुकानात खुर्च्या दोन, पण त्यातल्या एकीची पाठ कधीच निखळलेली असल्यामुळे तिच्यावर फक्त वाट बघणारे बसतात. कोर्टाची पायरी ते आयुष्यात एकदाच चढले, तीसुद्धा पाय मोडून घेतलेल्या एका कारकुनाची दाढी करायला. तरी नाव पडलं ते पडलंच, आणि त्यांना ते मनापासून आवडतं. कुणी ‘काय वकीलसाहेब’ अशी हाक मारली की हातातली कात्री जरा जास्तच झोकात चालते.

वाद हा त्यांचा जीव की प्राण. विषय कोणताही चालतो. आपण मांजर पाळतो की मांजर आपल्याला पाळतं, खोटं बोलायला मुलं शिकतात की ते जन्मतःच येतं, गल्लीतला दिवा आहे तिथेच बरा की आणखी चार पावलं पुढे हवा होता. मात्र आरडाओरडा त्यांना खपत नाही. ‘आवाज चढला की मुद्दा उतरतो,’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी त्यांच्या तोंडून निघतंच. समोरच्याला हसायचं नाही, त्याच्या घरच्यांना मध्ये आणायचं नाही, आणि त्याला कालचं आठवत नसेल तर आपणही विसरायचं, हेही त्यांचंच.

याचं मूळ त्यांच्या लहानपणात आहे. त्यांच्या वडिलांकडे प्रत्येक वादाचा शेवट एकाच वाक्यानं व्हायचा: ‘मी सांगतो म्हणून.’ ते वाक्य ऐकून ऐकून कान किटले, तेव्हा सासऱ्यांनी मनाशी ठरवलं की आपल्या दुकानात आणि आपल्या घरात हे वाक्य उच्चारायचं नाही. आणि ते त्यांनी पाळलं. लेकीला झोपायला पाठवायचं तरी आधी कारणं द्यायचे. लेक ती एकेक करून खोडून काढायची आणि अर्धा तास उशिरा झोपायची.

पण माणूस खरा कळतो तो त्यांच्या वस्तऱ्याच्या नियमावरून. त्या नियमाची गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. दुकान नवं होतं, लग्नही नवं होतं. एक गिऱ्हाईक दाढीला बसलं आणि बोलता बोलता गाडी आली ती गल्ली एकेरी वाहतुकीची करावी की नाही यावर. सासरे एकेरीच्या बाजूचे. गिऱ्हाईक सुरुवातीला विरोधात होतं, पण वस्तरा हनुवटीखाली पोचेपर्यंत त्याला सगळं पटलं. ‘हो, हो, अगदी बरोबर,’ असं म्हणून ते गेलं. सासरे घरी आले ते हवेतच. दुसऱ्या दिवशी बाजारात तोच माणूस भाजीवाल्याला तावातावानं दुहेरी वाहतुकीचे फायदे सांगत होता.

‘अहो, काल तर तुम्हाला पटलं होतं!’ सासरे म्हणाले.

‘काल तुमच्या हातात वस्तरा होता,’ तो म्हणाला.

हे उत्तर त्यांच्या जिव्हारी लागलं. दोन दिवस ते जेवताना एक शब्द बोलले नाहीत, आणि नव्या नवरीला वाटलं की आपली भाजी बिघडली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नियम जाहीर केला. ज्याच्या गळ्यावर आपलं पातं आहे त्याच्याशी वाद घालणं म्हणजे हात बांधलेल्या माणसाशी कुस्ती खेळणं. म्हणून वस्तरा हातात असेपर्यंत बोलायचं ते फक्त खुर्चीतल्या माणसाच्या बाजूनं. तेही उरकायचं म्हणून नाही, तर जीव ओतून. त्यालाही न सुचलेली कारणं शोधून द्यायची. दाढी झाली, तुरटी फिरवली, की वस्तरा मिटून खणात ठेवायचा, खण बंद करायचा, आणि स्वतः समोरच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, म्हणजे गिऱ्हाईक वर आणि आपण खाली. मग म्हणायचं, ‘वस्तरा मिटला. आता माझं ऐका.’

लोक लांबून लांबून दाढीला येऊ लागले. स्वतःचंच मत इतक्या देखण्या शब्दांत ऐकायला कुणाला आवडणार नाही? काही जण तर घरच्या भांडणात आपलं काही चुकलेलं नाही हे ऐकायलाच येत, आणि वस्तरा मिटायच्या आत खुर्चीतून पळ काढत.

शेजारच्या गाळ्यात कुलपं दुरुस्त करणारा त्यांचा जुना दोस्त आहे. दोघांच्या दुकानांमध्ये फक्त एक लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे याच्या दुकानातला वाद त्याच्या दुकानात फुकट ऐकू येतो. गल्लीतल्या पोरांचा चेंडू आपल्या फळीवर आदळतो म्हणून त्यांचा खेळ बंद करावा, असं कुलूपवाल्याचं म्हणणं होतं. सासऱ्यांनी त्याच्या गालाला फेस लावला आणि त्याची बाजू घेतली. किल्लीचे दाते घासताना हात हलला की किल्ली वाया. किल्ली वाया गेली की कुणीतरी दाराबाहेर ताटकळलं. ते बाहेर ताटकळलं की आत गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं. एका चेंडूपायी चांगले चांगले संसार कसे मोडतात इथपर्यंत त्यांनी विषय नेला.

‘अरे, मी एवढं म्हणालो नव्हतो,’ कुलूपवाला फेसातून म्हणाला.

‘पण म्हणायला हवं होतंस,’ सासरे म्हणाले.

मग वस्तरा मिटला, स्टूल पुढे आलं, आणि पाच मिनिटांत संसार मोडणाऱ्या चेंडूचा पार चेंदामेंदा झाला. पोरांचा खेळ चालू राहिला. कुलूपवाला पुटपुटत आपल्या गाळ्यात गेला. तो वीस वर्षं असाच पुटपुटत आला होता, पण काय पुटपुटतो हे कुणी कधी नीट ऐकलं नव्हतं.

आता या सगळ्यात मी कुठून आलो ते सांगतो.

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. नंबर तपासायचा, काचा बसवायच्या, दांड्या वाकवून कानामागे नीट बसतील अशा करायच्या. स्वभावानं मी गरीब. म्हणजे खिशानंही फार श्रीमंत नाही, पण मुख्य म्हणजे कुणाशी वाकडं घ्यायला नको अशा जातीचा. कुणी म्हणालं आज ऊन आहे, तर म्हणावं हो. कुणी म्हणालं ढग आहेत, तर म्हणावं तेही आहेतच. कशाला उगाच? आमच्या घरी मला लाडानं होयबा म्हणत आणि मी त्यालाही ओ देत असे.

सासऱ्यांची लेक आमच्या दुकानात आली ती आईच्या चष्म्याची फ्रेम बदलून घ्यायला. ती पाळणाघर चालवते, आणि तीन वर्षांच्या मुलाशीसुद्धा मुद्देसूद बोलते. तिचं म्हणणं, आम्ही मागितली होती लाल, तुम्ही दिलीत किरमिजी. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, ‘लाल म्हटलं तर लाल आहे, किरमिजी म्हटलं तर किरमिजी.’

‘कुणी काय म्हटलं ते सोडा,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला काय दिसतं?’

दिवसभर मी लोकांना हाच प्रश्न विचारायचो. मला तो कधी कुणी विचारला नव्हता. मी फ्रेम दारात नेली, उन्हात धरली, फिरवून बघितली आणि म्हणालो, ‘लाल.’

‘साफ चूक,’ ती म्हणाली.

दुकान बंद होईपर्यंत आम्ही भांडलो. त्या दिवशी मी शीळ घालत घरी गेलो, आणि मला शीळ येते हे मलाच नव्यानं कळलं. पुढे आम्ही रोज संध्याकाळी भांडायला भेटू लागलो, आणि अशाच एका संध्याकाळी भांडता भांडता लग्नाचं ठरून गेलं. (हे लिहिताना ती माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि म्हणतेय की फ्रेम किरमिजी होती. फ्रेम लाल होती.)

मला तिच्या घरी तीनदा बोलावणं आलं. घाबरलेला होयबा जास्तच होयबा होतो. सासरे म्हणाले, बुटक्या माणसांची स्मरणशक्ती दांडगी असते. मी म्हणालो, असते खरी. ते म्हणाले, खिडकीजवळ झोपलं की स्वप्नं कमी पडतात. मी म्हणालो, माझाही तोच अनुभव आहे. पुढच्या खेपेला त्यांनी तेच उलटं फिरवलं: खिडकीजवळ झोपलं की स्वप्नं जास्त पडतात. मी म्हणालो, तेही आहेच म्हणा. टेबलाखाली ती माझ्या पायावर पाय देत होती, आणि मला वाटत होतं ते प्रेमानं.

तिसऱ्या भेटीनंतर सासऱ्यांनी निकाल दिला. ‘मुलगा चांगला आहे. पण नाही.’

का नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. ‘ते मी त्याला सांगेन. रविवारी दुकानात पाठव. दाढी वाढवून यायला सांग.’

ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. (किरमिजी म्हणण्याची तिची आज हिंमत नाही.) मी म्हणालो, आपण दोघं सज्ञान आहोत, लग्न करून मोकळे होऊ. तिनं मान हलवली. ‘बाबांनी मला कधी मी सांगतो म्हणून असं म्हटलं नाही. त्यांना न पटवता मी गेले, तर मी त्यांना ते म्हटल्यासारखं होईल. तू त्यांना पटव. नाही पटलं तर मग काय करायचं ते मला माहीत नाही.’ म्हणजे माझं सगळं पुढचं आयुष्य एका दाढीवर येऊन ठेपलं होतं. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकं माझे वाढलेले खुंट बघून विचारू लागली, घरी कुणी आजारी आहे का? सवयीनं मी दोघांना हो म्हणूनही बसलो.

रविवारी गेलो. दुकानात साबणाचा आणि गरम पाण्याचा वास होता, कोपऱ्यात किटली वाफ सोडत होती, आणि मोडक्या खुर्चीवर कुलूपवाला पाय पसरून बसला होता. आपलं दुकान त्यानं सासऱ्यांच्या लेकीवर सोपवलं होतं. म्हणजे ती लाकडी भिंतीच्या पलीकडे कान लावून उभी होती.

सासऱ्यांनी माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, भिंतीवरच्या पट्ट्यावर वस्तरा सावकाश पाजळला आणि म्हणाले, ‘बोल. तुझं म्हणणं काय?’

‘मला तुमच्या मुलीशी लग्न...’

‘कळलं,’ म्हणत त्यांनी ब्रश माझ्या तोंडावरून फिरवला.

आणि मग त्यांनी वस्तरा उघडला. नियम तो नियम. मला नाही म्हणायला बोलावलं होतं, पण हातात वस्तरा होता, त्यामुळे बाजू माझीच मांडणं भाग होतं.

‘हा मुलगा,’ त्यांनी आरशातल्या कुलूपवाल्याला सांगायला सुरुवात केली, ‘शांत आहे. घरात शांत माणूस असणं म्हणजे काय, हे माझ्या घरात राहून बघ. मी बोलतो, लेक बोलते, कुकरसुद्धा आमच्याकडे दबून शिट्टी देतो. त्यात एक शांत माणूस आला तर घराला श्वास मिळेल. हाताला किती स्थिर आहे बघ. चष्म्याचा स्क्रू केवढा असतो? मोहरीएवढा. तो न पाडता बसवतो. माझी लेक रागावली की हातातलं फेकते, हा झेलेल. आणि ऐकून घेतो रे. जगात बोलायला सगळे तयार आहेत, ऐकून घेणारं माणूस कुणाला मिळतं? एका बापाला आणखी काय हवं असतं?’

मी आरशात बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मलाच तो मुलगा आवडायला लागला. मला लेक असती तर मी डोळे झाकून त्याला दिली असती. मध्ये एक-दोनदा मला काही म्हणायचं होतं. उदाहरणार्थ, मी काही अगदी शांतबिंत नाही. पण तेव्हा पातं वरच्या ओठावर होतं, आणि अशा वेळी माणसानं काही म्हणू नये.

दाढी झाली. तुरटी फिरली. वस्तरा मिटून खणात गेला, खण बंद झाला. सासऱ्यांनी स्टूल ओढलं, माझ्या गुडघ्यांसमोर बसले, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला.

‘वस्तरा मिटला. आता माझं ऐक, मुला. तू भांडत नाहीस. मी तुला तीनदा डिवचून बघितलं. तू खिडकीजवळ स्वप्नं कमी पडतात यालाही हो म्हणालास आणि जास्त पडतात यालाही. माझी लेक भांडून भांडून मोठी झाली आहे. तिला नाही म्हणणारं माणूस लागतं, मायेनं नाही म्हणणारं. तुझ्याबरोबर ती रोज जिंकेल. पहिलं वर्षभर तिला मजा वाटेल. मग तिच्या लक्षात येईल की समोर कुणी नाहीच. घरात नवरा असून ती एकटी पडेल. मी बाप आहे तिचा, मला ते बघवणार नाही.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. ‘पटतंय का तुला?’

इतकं पोटतिडकीनं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

‘हो,’ मी म्हणालो. ‘बरोबर आहे तुमचं.’

कुलूपवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. सासरे दोन्ही हात पसरून म्हणाले, ‘बघा! आता मी काय करू या मुलाचं?’

भिंतीच्या पलीकडे किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. पाठोपाठ ती दारात येऊन उभी राहिली. ती चिडलेली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती नुसती बघत होती, पाळणाघरातलं एखादं मूल संध्याकाळी आईची वाट बघतं तशी. आत्ता आपण कापड सोडून उठलो आणि घरी गेलो तर ही गेली, हे मला स्वच्छ दिसलं. माझ्या एका ‘हो’पायी गेली.

‘नाही,’ मी म्हणालो.

‘काय नाही?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘बरोबर नाही तुमचं.’ माझा आवाज फाटका निघाला, पण निघाला. ‘मघाशी माझी बाजू म्हणून तुम्ही जे बोललात ते फार सुंदर होतं. पण ती माझी बाजू नव्हती.’

‘तुझ्यापेक्षा चांगली मांडली मी.’

‘मांडलीत. ते मान्यच आहे. पण तुम्ही म्हणालात मी शांत आहे. मी शांत नाही. तुम्ही म्हणालात मी ऐकून घेतो. अर्धा वेळ माझं लक्ष नसतं. खिडकी आणि स्वप्नं यांचं काय आहे हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही, म्हणून मी हो म्हणालो. तुम्ही तुमच्या मनातला एक मुलगा तयार केलात, त्याची बाजू घेतलीत, आणि मग स्टुलावर बसून त्यालाच हरवलंत. या वादात मी होतोच कुठे? मी फक्त दाढी करून घेत होतो.’

मोडक्या खुर्चीतून कुलूपवाला ताडकन उभा राहिला. ‘वीस वर्षं!’ तो ओरडला. ‘वीस वर्षं मी हेच म्हणतोय! मला पोरांचा खेळ बंद करायचाच नव्हता. दुपारी दोन तास थांबवा एवढंच म्हणणं होतं माझं. यानं माझ्या तोंडी उतू गेलेलं दूध घातलं!’

‘मग बोलला का नाहीस?’ सासरे म्हणाले.

‘फेस होता तोंडात!’

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते दुखावले होते, आणि मला त्याचं वाईट वाटत होतं. ‘हा नियम मी न्यायासाठी केला रे,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘ज्याला त्या वेळी बोलता येत नाही त्याच्यासाठी आपण बोलावं म्हणून.’

‘ते मला ठाऊक आहे,’ मी म्हणालो. ‘आणि असं दुसरं कुणी करत नाही. लोक समोरच्याचं म्हणणं मुद्दाम वाकडं करून सांगतात, तुम्ही सजवून सांगता. फक्त एक राहून जातं. आमच्या दुकानात माणूस खुर्चीत बसतो. आमच्याकडे यंत्र आहे, ते त्याच्या डोळ्यात बघून नंबर सांगतं, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतं. तरी मी त्याच्या डोळ्यांपुढे एकामागून एक दोन काचा धरतो आणि विचारतो, ही बरी की ही? कारण त्याच्या डोळ्यांमागे जाऊन बसता येत नाही मला. न विचारता काच बसवली तर काच उत्तम असते, चष्मा झोकदार दिसतो, आणि तो बिचारा जिन्यावरून गडगडत खाली येतो.’

सासरे स्टुलावर बसून आपल्याच हातांकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली, घसा खाकरला, आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखं जपून जपून विचारलं, ‘बरं. मग विचारतो. तू माझ्या लेकीशी भांडतोस का?’

‘रोज.’

ते तिच्याकडे वळले. ‘हा भांडतो तुझ्याशी?’

‘रोज,’ ती म्हणाली. ‘आणि हरता हरत नाही. आईच्या फ्रेमचं अजून चालू आहे आमचं.’

‘मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?’

‘बाबा, मी सांगायला तोंड उघडलं की तुम्ही म्हणता, तुला काय म्हणायचंय ते मला कळलंय, आणि पुढचं तुम्हीच बोलता. फार छान बोलता. मीसुद्धा ऐकत बसते. आणि घरी तर तुमच्या हातात वस्तराही नसतो.’

सासऱ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कुलूपवाल्याकडे. आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग स्टूलच डुगडुगायला लागलं. डोळ्यांतलं मघाचं पाणी आणि हसण्याचं पाणी एकत्र होऊन गालांवरून खाली आलं.

‘पटलं!’ ते म्हणाले. मग दारात जाऊन त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘पटलं रे मला! हा पोरगा माझ्याशी भांडला! माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत बसून भांडला!’

‘बाबा, आवाज,’ ती म्हणाली.

‘चढू दे!’

आत येऊन त्यांनी माझ्या गळ्याचं कापड सोडलं. गाठ सोडताना ते माझ्या कानाशी वाकले. ‘एक सांग. नुसतं हो म्हणू नकोस, खरं सांग. ती एकटी पडू नये म्हणून मी जे बोललो, ते तरी बरोबर होतं ना?’

‘ते बरोबर होतं,’ मी म्हणालो. ‘ते मलाही नकोय.’ हा माझ्या आयुष्यातला पहिला ‘हो’ असेल जो मी विचार करून म्हटला. त्यांनी माझ्या ताज्या गालावर एक चापट मारली. ती प्रेमाची होती, पण तुरटीमुळे चांगलीच झोंबली.

वस्तऱ्याचा नियम आजही आहे, फक्त त्यात थोडी भर पडली. आता दाढी करता करता ते गिऱ्हाइकाची बाजू मांडतात, दोन वाक्यं झाली की पातं गालापासून चांगलं हातभर लांब धरतात आणि विचारतात, ‘असंच म्हणायचंय ना तुम्हाला?’ आणि थांबतात. गिऱ्हाईक म्हणतं, नाही, तसं नाही. मग ते पुन्हा सुरुवात करतात. एका दाढीला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. मोडकी खुर्ची दुरुस्त करून घ्यावी लागली, कारण वाट बघणारे फार वाढले. वाद जिंकण्याचं प्रमाण म्हणाल तर निम्म्यावर आलं आहे, आणि हे ते असं सांगतात जसं काही धंदा वाढला. पोरांचा चेंडू दुपारी दोन तास बंद असतो. कुलूपवाल्याचं पुटपुटणं थांबलं. आता तो मोठ्यानं बोलतो, आणि खरं सांगायचं तर पुटपुटायचा तेच बरं होतं.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं.

दुकान बंद करून आम्ही तिघं घरी निघालो. घर मागच्याच गल्लीत आहे. वाटभर सासरे भेटेल त्याला सांगत होते, आपण हरलो कसे. मी विचारलं नसतानाही त्यांनी मला लग्न कधी करायचं, पाहुणे किती आणि कोणत्या खोलीत कोण झोपेल, हे सगळं समजावून दिलं. मी दोनदा नाही म्हणालो. दोन्ही वेळा ते रस्त्यात थांबले आणि आनंदानं म्हणाले, ‘का नाही? सांग, सांग.’

सासूबाई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. नाकावर तीच फ्रेम होती. आमचे चेहरे बघून काय ते त्या समजल्या असणार, पण बोलल्या नाहीत. सासरे उंबऱ्यातूनच सुरू झाले. ‘ऐकलंस का, ठरलं! तुलाही हेच हवं होतं, मला माहीत आहे, तू म्हणणारच होतीस की...’

आणि ते मध्येच थांबले. हात हवेत तसाच राहिला. लेकीनं माझ्याकडे बघितलं. सासरे आत आले, टेबलाच्या या बाजूला उभे राहिले, आणि इतक्या वर्षांच्या संसारात जे त्यांना कधी सुचलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

‘तुझं काय म्हणणं?’

सासूबाईंचा हात शेंगेवरच थांबला. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि नवऱ्याला नीट न्याहाळलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं ते बघून मला आमच्या दुकानाची आठवण झाली: बरोबर काच समोर आली की माणसं अशीच हसतात.

‘दाढी न येणाऱ्या माणसालाही विचारायला लागलात का?’ त्या म्हणाल्या. ‘बसा. वेळ लागेल.’

सासरे बसले. आम्हीही बसलो. सासूबाईंनी मटारचं भांडं बाजूला सारलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

‘मुलगा मला पहिल्या दिवसापासून पसंत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘हे झालं पहिलं. आता दुसरं.’